खर्जाचा धनी

जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणाची कृष्णधवल छायाचित्रं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेली असतात. पुढे मायक्रोफोनपाशी गायिका, बाजूला हात उंचावलेले संगीतकार, मग व्हायोलिनवाल्यांच्या रांगा आणि सगळ्यांच्या मागे, जवळजवळ भिंतीला टेकून, माणसापेक्षा उंच असं एक धूड कवेत घेऊन उभा असलेला कुणी एक वादक. ते धूड म्हणजे डबल बेस. गाणं ऐकताना तो आपल्याला वेगळा असा ऐकू येत नाही. पण तो काढून टाकला तर गाण्याच्या पायाखालची जमीन निघून गेल्यासारखं होईल. आपल्याकडे तंबोऱ्याचं तसंच नाही का? तंबोरा सुटला की भल्याभल्या गवयाचा जीव कासावीस होतो. पण मैफलीच्या शेवटी कलाकारांची नावं सांगताना तंबोऱ्यावरच्या मुलाचं नाव निवेदक बहुधा विसरतो. आणि त्याला पाकिटात काय घालायचं, हा प्रश्न तर कुणाला पडतच नाही.

हा प्रश्न ज्यानं स्वतः उभा केला आणि आयुष्यभर लावून धरला, असा एक डबल बेसवादक अडीचशे वर्षांपूर्वी व्हेनिस शहरात जन्माला आला. त्याचं नाव दोमेनिको द्रागोनेत्ती. साल १७६३. वडील पिएत्रो न्हाव्याचा धंदा करत आणि त्याबरोबर वाद्यंही वाजवत. घरात गिटार होती, व्हायोलिन होतं. पोरगा बापाच्या नकळत त्यांच्यावर हात चालवू लागला. पुढे बेरिनी नावाच्या शिक्षकाकडे डबल बेस शिकायला गेला, तर अकरा शिकवण्यांनंतर गुरुजींकडे शिकवायला काही उरलं नाही, असं सांगतात. अशा गोष्टींत थोडं मीठमसाला असणारच. पण तेराव्या वर्षी तो व्हेनिसच्या विनोदी ऑपेराच्या वाद्यवृंदात मुख्य बेसवादक म्हणून बसला, ही मात्र नोंदलेली गोष्ट आहे. आपल्याकडे ज्या वयात मुलं आठवीच्या गणितानं रडकुंडीला येतात, त्या वयात हा पगारी नोकर झाला होता!

इथं या वाद्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर द्रागोनेत्तीनं काय केलं ते कळायचं नाही. त्या काळी वाद्यवृंदात डबल बेसचं काम ठरलेलं असे. चेलोच्या कागदावर जे स्वर लिहिलेले असत तेच यानं वाजवायचे. वाद्याची घडणच अशी की ते आपोआप एक सप्तक खाली उमटत. तारा जाडजूड, आतड्यांपासून केलेल्या. त्या दाबायच्या म्हणजे बोटांची सालं निघत. भराभर चालणारा तुकडा आला की बहुतेक बेसवादक मधले स्वर गाळून फक्त ठळक ठळक स्वर धरत, आणि कुणी त्यांना दोषही देत नसे. हमालाकडून नाचाची अपेक्षा कोण करणार? द्रागोनेत्ती सगळे स्वर वाजवी. नुसते वाजवी असं नाही, ते स्वच्छ ऐकू येत. त्याच्या वाद्याला तीनच तारा होत्या. गज आखूड, बाहेरच्या बाजूला कमानीसारखा वाकलेला, आणि तो धरायची पद्धत खालून, तळहात वर करून. सारंगीवाल्यांचा हात ज्यांनी पाहिला असेल त्यांना थोडी कल्पना येईल. इंग्लंडमध्ये हा गज त्याच्याच नावानं ओळखला जाऊ लागला आणि त्याच्या मागे कित्येक वर्षं टिकला.

१७८७ साली, चोविसाव्या वर्षी, त्याला व्हेनिसमधली सर्वांत मानाची जागा मिळाली. सान मार्कोच्या महामंदिरातल्या वाद्यवृंदाची. याच सुमारास विचेन्झा या गावी त्याला एक वाद्य भेटलं. 'भेटलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण पुढचं सगळं आयुष्य त्यानं याच वाद्याबरोबर काढलं. सोळाव्या शतकातला थोर वाद्यकार गास्पारो दा सालो याच्या हातचं ते काम. तिथल्या सान पिएत्रो मठातल्या जोगिणींकडे ते होतं आणि त्यांच्याकडून ते याला मिळालं. पादुआच्या एका मठातली गंमत सांगतात ती अशी, की मुक्कामाला असताना यानं मध्यरात्री दगडी ओवरीत आपलं वाद्य नेलं आणि त्याच्यावर असा काही गडगडाट केला की वादळ आलं म्हणून साधू मंडळी धडपडत उठली. सकाळी सगळे रात्रीच्या पावसाबद्दल बोलत होते, आणि अंगण कोरडं!

अशा माणसाला बाहेरून बोलावणी येणारच. रशियाहून आलं, लंडनहून आलं. सान मार्कोच्या कारभाऱ्यांनी पगार वाढवून त्याला काही वर्षं थांबवलं. शेवटी १७९४ साली त्यांनी त्याला लंडनला जायला रजा दिली. लक्षात घ्या, रजा दिली, राजीनामा नव्हे. जागा राखून ठेवलेली होती. बँकेत असताना दीर्घ रजेचे पुष्कळ अर्ज माझ्या टेबलावरून गेले. रजेवर गेलेला माणूस परत येईल की नाही हे अर्जाच्या भाषेवरून ओळखता येतं, असा माझा समज होता. पण या रजेचा शेवट कोणत्याही अधिकाऱ्याला ओळखता आला नसता. १७९७ साली नेपोलियनच्या फौजांपुढे व्हेनिसचं हजार वर्षांचं प्रजासत्ताक कोसळलं. रजा देणारं सरकारच उरलं नाही. द्रागोनेत्ती पुढची बावन्न वर्षं, मधल्या काही प्रवासांचा अपवाद सोडला, तर लंडनचाच झाला.

लंडनच्या हेमार्केटमधल्या किंग्ज थिएटरात इटालियन ऑपेरा चाले. तिथं त्याच सुमारास एक अठरा वर्षांचा इंग्रज पोरगा चेलो वाजवायला लागला होता. रॉबर्ट लिंडली. ऑपेरातल्या संवादवजा गाण्याला, ज्यात गायक अर्धं बोलतो आणि अर्धं गातो, फक्त चेलो, बेस आणि पियानो यांची साथ असे. त्यामुळे चेलोचा मुख्य आणि बेसचा मुख्य एकाच स्टँडवरचा कागद वाचत शेजारी शेजारी बसत. हे दोघे एका स्टँडवर बसले ते द्रागोनेत्तीच्या मृत्यूपर्यंत. बावन्न वर्षं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हिशेब काटेकोर करायचा तर त्यातून १८०८ ते १८१४ ही, द्रागोनेत्ती लंडनबाहेर होता ती वर्षं वजा केली पाहिजेत. तरी उरतात सेहेचाळीस. इतकी वर्षं एका टेबलावर बसणारी दोन माणसं मी तरी कोणत्या कचेरीत पाहिलेली नाहीत.

आणि माणसं तरी कशी! लिंडली बोलताना अडखळे, तोतरा होता. द्रागोनेत्तीला एकही भाषा धड येत नसे, म्हणजे व्हेनिसची बोली, फ्रेंच आणि इंग्रजी यांची अशी खिचडी तो बोलायचा की ऐकणाऱ्यानं आपल्याला पाहिजे तो अर्थ काढावा. या दोघांमध्ये गप्पा काय होत असतील देव जाणे. पण कोरेल्लीच्या सोनाटा वाजवायला बसले, की ऐकणाऱ्यांना शब्दांची आठवण होत नसे. कोरेल्ली हा द्रागोनेत्तीच्या जन्माआधीच पन्नास वर्षं वारलेला इटालियन रचनाकार. व्हायोलिनसाठी लिहिलेलं त्याचं संगीत हे दोघं चेलो आणि बेसवर वाजवत आणि लंडनचे श्रोते ते पुन्हा पुन्हा मागत. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत लंडनचा हंगाम. तो संपला की ग्लॉस्टर, वुस्टर, हेरेफर्ड अशा गावांचे संगीतमहोत्सव. रेल्वे येईपर्यंत हा सगळा प्रवास घोडागाडीतून, ते धूड सांभाळत. ऑपेरा संपवून मैफल, मैफल संपवून कुणा सरदाराच्या दिवाणखान्यात चौघा-पाचजणांची छोटी बैठक. यातून त्याचा दिवस भरलेला असे.

दिवाणखान्यातल्या या बैठकींना पाश्चात्त्य लोक चेंबर म्युझिक म्हणतात. तिथं डबल बेसला सहसा प्रवेश नव्हता. चार माणसांच्या नाजूक गप्पांत हत्ती कशाला, असा त्यामागचा विचार. जॉर्ज ऑन्स्लो नावाच्या रचनाकाराची गोष्ट याबाबत प्रसिद्ध आहे. तो इंग्रज वंशाचा फ्रेंच गृहस्थ. इंग्लंडमध्ये त्याचं एक पंचवाद्य वाजायचं होतं, त्यात दोन चेलो होते, आणि ऐन वेळी दुसरा चेलोवाला आलाच नाही. कुणीतरी सुचवलं, द्रागोनेत्ती इथंच आहे, त्याला बसवा. ऑन्स्लो चांगलाच बिथरला. आपल्या रचनेचा चुराडा होणार याची त्याला खात्री होती. नाइलाजानं तो कबूल झाला. चार-दोन ओळी वाजल्या असतील-नसतील, तोच त्याचा चेहरा बदलला. त्यानंतर आपल्या पंचवाद्यांत दुसऱ्या चेलोच्या जागी डबल बेस चालेल अशी सोय तो करून ठेवू लागला. एका माणसाच्या हातामुळे एका वाद्याला दिवाणखान्यात पाट मिळाला!

पण याहून मोठा पाट मिळाला तो व्हिएन्नात. १७९९ साली इटलीकडे जाताना द्रागोनेत्ती तिथं थांबला आणि बीथोव्हेनला भेटायला गेला. बीथोव्हेन तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा. चेलो आणि पियानोसाठी त्यानं नुकत्याच दोन सोनाटा लिहिल्या होत्या. त्यातली दुसरी, जी मायनर या स्वरातली, वाजवायची ठरली. पियानोवर बीथोव्हेन, आणि चेलोचा भाग द्रागोनेत्ती आपल्या डबल बेसवर वाजवणार! ज्यांनी ती सोनाटा ऐकली आहे त्यांना ठाऊक असेल की शेवटचा भाग किती चपळ आहे. बीथोव्हेन वाजवता वाजवता समोरच्या माणसाकडेच बघत राहिला होता आणि संपल्याबरोबर त्यानं उठून वादकाला आणि वाद्याला, दोघांनाही एकाच मिठीत घेतलं, असं सांगतात.

या मिठीचं पुढे काय झालं? बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत तिसऱ्या भागाच्या मध्यावर एक जागा येते. चेलो आणि बेस एकदम उसळून धावत सुटतात आणि बाकीचा वाद्यवृंद त्यांच्या मागे पळतो. खर्जाच्या वाद्यांकडून असलं काम तोवर कुणी मागितलं नव्हतं. त्या जागेमागे व्हिएन्नातली ती सकाळ किंवा संध्याकाळ असेल का? याचा पुरावा कुणाला देता येणार नाही. बीथोव्हेननं द्रागोनेत्ती नसता तरीही हेच लिहिलं असतं, असंही म्हणता येईल. मला स्वतःला मात्र वाटतं, की एखादी गोष्ट शक्य आहे हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस वेगळं लिहितो.

१८०८ ते १८१४ या काळात द्रागोनेत्ती पुन्हा व्हिएन्नाच्या बाजूला होता. युरोपभर लढाया चाललेल्या. एका सरदाराच्या आश्रयाला तो राहिला आणि त्या घरच्या माणसांखेरीज कुणापुढे वाजवेना. नेपोलियन आपल्याला उचलून पॅरिसला नेईल, अशी त्याला धास्ती होती म्हणतात. आज आपल्याला हसू येतं. पण नेपोलियननं व्हेनिसहून सान मार्कोचे ब्राँझचे घोडे उचलून पॅरिसला नेलेच होते. बेसवादक काय अवघड? १८१३च्या डिसेंबरात व्हिएन्नात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी मैफल झाली, बीथोव्हेनची सातवी सिंफनी तिथं पहिल्यांदा वाजली. कान जवळजवळ गेलेला बीथोव्हेन स्वतः पुढे उभा होता. त्या मैफलीच्या वादकांत द्रागोनेत्तीचंही नाव घेतलं जातं.

आता पैशाची गोष्ट. कलावंताच्या चरित्रात ती सांगू नये, असा आपल्याकडे एक संकेत आहे. मला तो कधीच पटला नाही. द्रागोनेत्तीच्या चरित्रात तर ती मध्यभागी आहे. लंडनमध्ये त्याचं मानधन असं होतं, की कित्येकदा अग्रव्हायोलिनवादक सोडला तर वाद्यवृंदातल्या बाकी सगळ्यांहून तो जास्त घेई. मागच्या रांगेतला माणूस, ज्याचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, तो! फिलहार्मोनिक सोसायटी ही लंडनच्या संगीतकारांनीच १८१३ साली काढलेली संस्था. तिच्याशीही तो पत्रांतून घासाघीस करी. या सोसायटीनं बीथोव्हेनला पन्नास पौंड देऊन त्याची नववी सिंफनी मागवली होती. २१ मार्च १८२५ रोजी ती लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली. या सिंफनीच्या शेवटच्या भागात, गायक तोंड उघडण्याआधी, चेलो आणि बेस शब्दांविना बोलतात. जणू किंग्ज थिएटरातला तो अर्धं बोललेला, अर्धा गायलेला संवादच. द्रागोनेत्तीनं आपला दर आधी कळवला होता. मग स्वरलेखन त्याच्या पाहण्यात आलं. त्यानं सोसायटीला कळवलं, की हे आधी पाहिलं असतं तर मी दुप्पट मागितले असते.

काहींना हा लोभ वाटेल. मला वाटत नाही. गुंतागुंतीच्या कामाला जास्त दर लागतो हे साधं तत्त्व आहे आणि ते व्हायोलिनला लागू असेल तर बेसलाही लागू व्हायला हवं. आपण नसलो तर काय होईल हे त्याला नेमकं ठाऊक होतं. ते ठाऊक असूनही गप्प बसणारे पुष्कळ असतात. नोकरीच्या काळात असे लोक मी शेजारच्या टेबलांवर पाहिले. साऱ्या शाखेची रोजकीर्द त्यांच्यामुळे जुळायची आणि बढतीच्या यादीत त्यांचं नाव कधी नसायचं.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक जोडून टाकतो. १८२४ साली रोसिनी लंडनला आला होता. सॉलोमन्स नावाच्या धनिक घराण्यातल्या एका हौशी चेलोवादकाला द्रागोनेत्तीबरोबर वाजवण्याची फार इच्छा होती. त्यानं रोसिनीकडून चेलो आणि डबल बेस यांच्यासाठी खास एक रचना लिहवून घेतली. त्या घराण्यातला डेव्हिड सॉलोमन्स पुढे लंडन अँड वेस्टमिन्स्टर बँकेच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि १८५५ साली लंडनचा पहिला यहुदी लॉर्ड मेयर. ही रचना त्या घरातल्या कागदांतच पडून राहिली. १९६८ साली ती बाहेर आली आणि आज जगातला जवळजवळ प्रत्येक बेसवादक ती वाजवतो. उलट द्रागोनेत्तीचा म्हणून जो कॉन्चेर्टो विद्यार्थ्यांना शिकवला जातो, तो त्याचा नव्हेच! एदुआर नानी या फ्रेंच बेसवादकानं विसाव्या शतकात तो स्वतः लिहून द्रागोनेत्तीच्या नावावर खपवला, असं आता जाणकार मानतात. व्हिएन्नाला १९५४ साली शिकायला गेलेल्या आपल्या मुंबईच्या झुबीन मेहता यांनीही तिथं वाद्य म्हणून डबल बेसच घेतला होता.

द्रागोनेत्तीनं लग्न केलं नाही. घरी चित्रं, जुनी वाद्यं, तपकिरीच्या डब्या आणि बाहुल्या. बाहुल्या खऱ्याखुऱ्या, निरनिराळ्या देशांचे पोशाख घातलेल्या. प्रवासात तो काही बाहुल्या बरोबर घेई, त्यातल्या एका काळ्या बाहुलीला आपली बायको म्हणे. गाडी गावातून जाताना खिडकीतून ती बाहुली लोकांना दाखवी. कार्लो नावाचा कुत्रा होता. तो ऑपेराच्या वेळी मालकाच्या पायाशी, वाद्यवृंदात बसे. लंडनकरांना या गोष्टींची मोठी मौज वाटे आणि त्यांनी त्या आवर्जून लिहून ठेवल्या. मला त्या वाचताना हसू येतं, पण ते पुरतं येत नाही. भाषा न जमलेला, गाव राज्यासकट मागे राहिलेला एक माणूस रात्री लेस्टर स्क्वेअरच्या घरी परततो आणि बाहुल्यांशी बोलतो. कोणत्या भाषेत बोलत असेल? तिथं खिचडी करायची गरज नसावी.

१८४५च्या ऑगस्टमध्ये बॉन या बीथोव्हेनच्या जन्मगावी त्याच्या पुतळ्याचं अनावरण झालं. लिस्टनं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं, राणी व्हिक्टोरिया आली होती, प्रशियाचा राजा आला होता. पाचवी सिंफनी वाजली. तेरा डबल बेस होते आणि त्यांच्या अग्रभागी ब्याऐंशी वर्षांचा द्रागोनेत्ती. तिसऱ्या भागातली ती धावती जागा आली तेव्हा, ज्या माणसामुळे ती लिहिली गेली असेल-नसेल, तोच ती वाजवत होता. आदल्या पिढीतले त्या खोलीतले दोघे. एक आता चौकात धातूचा होऊन उभा होता.

पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १८४६ रोजी, लेस्टर स्क्वेअरच्या घरी तो वारला. शेवटच्या दिवसांत त्याची देखभाल करणाऱ्यांत त्याचा मित्र, संगीतप्रकाशक व्हिन्सेंट नोव्हेलो होता. तीनच वर्षांनी, १८४९ साली, बोत्तेसिनी नावाचा तरुण इटालियन लंडनला आला आणि डबल बेस घेऊन थेट रंगमंचाच्या मध्यावर उभा राहून त्यानं लोकांना वेड लावलं. त्याचं नाव पुढे जास्त गाजलं. द्रागोनेत्तीलाही एकटं वाजवता येत होतं, तो वाजवीही. पण त्याची बैठक आयुष्यभर वाद्यवृंदातच राहिली.

त्याचं मृत्युपत्र पाहण्यासारखं आहे. वाद्यं, चित्रं, बाहुल्या, सगळ्याची वाटणी नीट केलेली. ऑपेरांच्या स्वरलेखनाचे शेदीडशेहून अधिक खंड ब्रिटिश म्युझियमला. स्वतःच्या रचनांची हस्तलिखितं नोव्हेलोला. त्यानं तीही पुढे म्युझियमलाच दिली. आणि विचेन्झाच्या जोगिणींकडून आलेला तो गास्पारो दा सालोचा बेस व्हेनिसला सान मार्कोकडे, मोठ्या सणांच्या पूजेला वाजवण्यासाठी. बावन्न वर्षांपूर्वी जिथून रजा घेतली होती, तिथंच. तो आजही तिथल्या संग्रहात आहे.

लिंडली तेव्हा सत्तरीचा होता. तो त्या स्टँडवर आणखी पाच वर्षं बसला, शेजारी दुसरा बेसवादक घेऊन, आणि १८५१ साली निवृत्त झाला.